मदत हवी आहे: जर्मनीत होणाऱ्या बाळाचं नागरिकत्व

नमस्कार मंडळी, आम्ही श्टुटगार्टला असतो, जुलैत बाळ होणारे. नवऱ्याला इथे सहा वर्षं झालीत, पीआर (कायम राहण्याचा परवाना) पण मिळालाय, मी अजून डिपेंडंट व्हिसावरच आहे. 27 जून 2024 पासून नियम असा आहे की आईवडिलांपैकी एकजण 5 वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे पीआर असेल तर बाळ जन्मतःच जर्मन, आधी 8 वर्षं लागायची. अर्ज वेगळा करायचा नाही, जन्मनोंदणीच्या वेळी श्टांडेसआम्टवालेच (इथलं जन्म-विवाह नोंदणी कार्यालय) तपासतात. इथपर्यंत कळलं.

घोळ पुढे आहे. जर्मनीला आता दोन नागरिकत्वं चालतात, भारताला नाही. भारतीय ठेवायचं तर वर्षाच्या आत कॉन्सुलेटमध्ये जन्म नोंदवायचा आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. पासपोर्ट काढला नाही तरी नागरिकत्व आपोआप मिळालेलं असणारच ना, मग सही करायची का? आणि मोठं झाल्यावर, 18 पूर्ण झाल्यापासून 6 महिन्यांत जर्मन सोडलं नाही तर भारतीय जातं, हेही वाचलं.

की सरळ जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड)? त्यात मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि सासऱ्यांची निफाडला द्राक्षबाग आहे, नातवंडाने भारतीयच राहावं असं त्यांना मनापासून वाटतं, मला ते मोडवत नाहीये.

ज्यांची मुलं 2024 नंतर इथे झाली त्यांनी नेमकं काय केलं ते प्लीज सांगा, कागदपत्रं कुठली लागली तेही. एजंटचे नंबर नकोत, स्वतःचा अनुभव हवाय.