ई-रीडर घ्यायचाय, पण वाचतो बहुतेक मराठीच

वारजेकर:
मंडळी, मोबाइलवर वाचून वाचून डोळ्यांची वाट लागलीये, ई-रीडर घ्यावा म्हणतो. वाचन म्हणजे रात्री घरचे झोपल्यावर अंधारात पाऊण तास आणि सकाळी पीएमटीत बसायला जागा मिळाली तर (मिळत नाही, पण आशा सोडलेली नाही). मराठी कादंबऱ्या आणि स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफ, दोनशेएक साठल्यात. साधा किंडल पुरेल की त्याचंच वरचं मॉडेल, पेपरव्हाइट? कोबो कंपनीच्या रीडरचंही ऐकलंय.

निवांत:
अंधारात वाचणार तर पेपरव्हाइट. लाइट साध्यालाही आहे पण तो पिवळसर करता येत नाही, पेपरव्हाइटला 2021 च्या मॉडेलपासून ती सोय आली. अक्षर दोन्हीकडे 300 पीपीआयच (म्हणजे इंचाला 300 ठिपके, तितकंच ठसठशीत), त्यावर भांडू नका. खरी भानगड पीडीएफची आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, अक्षर मोठं करायला गेलात की पानच मोठं होतं आणि मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे उजवीकडे सरकवत बसा. मी सहा इंचीवर एक जुनं गॅझेटियर उघडलं होतं, तिसऱ्या पानावर हात जोडले.

सदाशिवपेठी:
कोबोवर इपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) थेट चालतं. किंडललाही 2022 पासून मेलने पाठवता येतं, त्यामुळे ते कारण राहिलं नाही. पण काहीही घ्या, आधी कुणाच्या तरी मशीनवर आपली एक मराठी फाइल उघडून बघाच. माझ्या पहिल्या रीडरवर (नाव घेत नाही) जोडाक्षरं सुटी व्हायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, 'किती' वाचताना अडखळायला झालं तर कादंबरी काय वाचणार, कप्पाळ!

चष्मिष्ट:
पीडीएफ सोडवत नसतील तर 10.3 इंची बूक्स (Boox) कंपनीचा रीडर बघा. अँड्रॉइड आहे, म्हणजे मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्या बुकगंगाचं अ‍ॅपही टाकता येतं, किंडलवर ते जमत नाही. फक्त बॅटरी किंडलइतकी पुरत नाही, किंमत बघून खाली बसायची तयारी ठेवा, आणि बसमध्ये दांडा धरून दुसऱ्या हातात ते धरायचं असेल तर मनगटाचा व्यायाम आजपासून सुरू करा.

वारजेकर:
सगळ्यांना धन्यवाद. आत्ता फोल्डर उघडून बघितला, शेवटची पीडीएफ मी गेल्या गणपतीत उघडली होती. पेपरव्हाइट मागवतोय.