मदत हवी आहे: हमिंगबर्डचा फीडर गळतो, पाणी गढूळ होतं, पक्षी गायब

डेकवाली: मे महिन्यात रोज यायचे, आता दिवसदिवस कोणी फिरकत नाही. पाणी दुपारपर्यंत गढूळ होतं, फीडर गळतो, खाली मुंग्यांची रांग. साखर-पाणी बरोबर १:४ घेते. काय करू? लवकर सांगा, वीकेंडला दुसरा फीडर आणायचाय.

खुरपं: कुठे राहता? फीडर उलट्या बाटलीचा की बशीचा? ऊन किती? आणि कुठली साखर?

मधुमालती: साखर कशाला, मध घाला. नैसर्गिक असतो.

खुरपं: अजिबात नको. पाणी घातलेला मध लवकर आंबतो, बुरशी धरतो, ती पक्ष्याला बाधते. गूळ, ब्राऊन शुगरही नको, त्यात लोह जास्त. साधी पांढरी दाणेदार साखर, बस्स. आणि लाल रंग मिसळू नका, फीडरचं लाल प्लास्टिक पुरतं.

डेकवाली: एडिसन, न्यू जर्सी. डेक दक्षिणेला, ऊन दिवसभर. उलटी बाटली, मोठी. साखर पिठीसाखर, पटकन विरघळते.

खुरपं: गढूळपणाचं कारण हेच. अमेरिकेतल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च (मक्याचं पीठ) असतो, म्हणून पाणी पांढुरकं दिसतं, आंबतंही लवकर. पाव कप दाणेदार साखर, एक कप गरम पाणी, ढवळा, गार करून भरा. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. नव्वद फॅरनहाइटच्या वर गेलं की दर दोन दिवसांनी बदला, एरवी तीन-चार. प्रत्येक वेळी गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने धुवा. भोकांत काळी बुरशी दिसली तर एक गॅलन पाण्यात पाव कप ब्लीच घालून तासभर भिजवा, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा.

सॅनहोजेकर: आमच्याकडे कॅलिफोर्नियात ॲना जातीचे हमिंगबर्ड बारा महिने असतात. एक नर दादागिरी करून बाकीच्यांना हाकलतो. दुसरा फीडर घराच्या पलीकडे, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावा.

खुरपं: अहो, त्या न्यू जर्सीला आहेत. तिथे रूबी-थ्रोटेड जातीचे येतात, एप्रिल अखेरीपासून. जूनमध्ये माद्या अंड्यांवर असतात, पिल्लांना किडे भरवतात, म्हणून फीडरवर गर्दी ओसरते. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं उडू लागली की परत वाढते. तोवर बागेत कीटकनाशक मारू नका.

मधुमालती: मुंग्यांसाठी तारेला व्हॅसलिन लावा. रामबाण.

सॅनहोजेकर: पक्ष्याच्या पिसाला चिकटलं तर साफ होत नाही. मुंग्यांची वाटी मिळते, फीडरच्या वर टांगायची, साधं पाणी भरायचं. तेल नाही. उन्हात सुकते, रोज बघा.

कोथरूडकर: आमच्या बाल्कनीत जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो. त्याला हे पाणी चालेल का?

खुरपं: भारतात हमिंगबर्ड नाहीत. तो शिंजीर असावा, बहुतेक जांभळा. त्याला फीडर लागत नाही. जास्वंद आहेच, शेजारी पेंटास किंवा घाणेरी लावा.

कोथरूडकर: घाणेरी नको, ती पसरते. आणि आमच्या सोसायटीत कबुतरांचं काय करायचं ते सांगा कोणी.

डेकवाली: कबुतरांचा वेगळा धागा काढा हो. गळतीचं कोणीच बोललं नाही!

खुरपं: बाटली अर्धी रिकामी झाली की वर हवा साठते. उन्हात ती फुगते आणि पाणी भोकांतून बाहेर ढकलते. म्हणून लहान फीडर पूर्ण भरून सकाळचं ऊन, दुपारची सावली अशा जागी टांगा. मोठा अर्धा भरू नका, जास्त गळेल. उत्तम म्हणजे बशीचा फीडर घ्या. भोकं वर, पाणी खाली, त्यामुळे गळत नाही.

डेकवाली: बशीचा घेते. पण पिवळ्या गांधीलमाश्या?

खुरपं: बशीत पाणी भोकांपासून खाली राहील एवढंच भरा. पक्ष्याची जीभ पोचते, माशीचं तोंड नाही. पिवळी फुलं किंवा जाळी लावलेला मॉडेल घेऊ नका, पिवळ्याकडे त्या येतात. तरी आल्या तर फीडर काही फूट सरकवा, पक्षी शोधून काढतो.

सॅनहोजेकर: आणि खिडकीपासून एक तर तीन फुटांच्या आत, नाहीतर बरंच लांब. मध्ये टांगला तर वेगात काचेवर आपटतात.

मधुमालती: व्हॅसलिन पातळ लावलं तर?