ग्राफिंग कॅल्क्युलेटरने समीकरणे सोडवणे मुलांना पद्धतशीर शिकवावे का?

छेदनबिंदू (न्यू जर्सी):
बारावीपर्यंतचे गणित लॉगटेबलवर निभावलेले आपल्यापैकी बहुतेक पालक अमेरिकेत आल्यावरही ग्राफिंग कॅल्क्युलेटरकडे, म्हणजे समीकरणांचे आलेख पडद्यावर काढणाऱ्या यंत्राकडे, आळसाचे साधन म्हणूनच पाहतात. मला हे अन्यायाचे वाटते. एपी कॅल्क्युलसच्या (अमेरिकेत शाळेतच दिल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या) परीक्षेत ४५ बहुपर्यायी प्रश्नांपैकी १५ आणि ६ दीर्घोत्तरी प्रश्नांपैकी २ हे यंत्र हाताशी आहे असे गृहीत धरूनच काढलेले असतात. तरीही ते कसे वापरावे हे फारसे कोणी शिकवत नाही.

‘ई’चा (सुमारे २.७१८ या संख्येचा) क्षवा घात = ३क्ष हे समीकरण घ्या. शाळेतल्या बीजगणिताने ते सुटत नाही. डावी बाजू एक फल आणि उजवी बाजू दुसरे फल म्हणून भरली, की दोन आलेख दोन ठिकाणी छेदतात आणि ०.६१९ व १.५१२ या उकली मिळतात. मात्र टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर इंटरसेक्ट ही छेदनबिंदू शोधणारी आज्ञा वापरताना यंत्र अंदाज विचारते, तेव्हा कर्सर हव्या त्या छेदनबिंदूजवळ न्यावा लागतो. नाहीतर एकच उकल दोनदा हाती येते. मिळालेली किंमत कागदावरून पुन्हा टंकण्याऐवजी एखाद्या अक्षरात साठवावी, कारण परीक्षेत तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक उत्तर लागते आणि मध्येच पूर्णांकन केले तर तिसरे स्थळ बिघडू शकते.

लॉगटेबल (नाशिक):
आपण दिलेले उदाहरण सोयीचे आहे. मी गैरसोयीचे देतो. २ चा क्षवा घात आणि क्षचा १० वा घात हे समान केव्हा होतात? क्ष-अक्ष आणि य-अक्ष दोन्ही −१० ते १० अशा नेहमीच्या खिडकीत (पडद्यावर दिसणाऱ्या आलेखाच्या भागात) दोन छेदनबिंदू दिसतात, एक −०.९३७ जवळ आणि दुसरा १.०७८ जवळ. विद्यार्थी ते लिहून मोकळा होतो. तिसरी उकल ५८.७७ जवळ आहे आणि तिथे दोन्ही फलांची किंमत ४९ वर सोळा शून्ये एवढी होते. घातांकी फल शेवटी कोणत्याही बहुपदीला मागे टाकते हे ज्याला ठाऊक आहे, तोच तिसरी उकल शोधायला जाईल, आणि हे ज्ञान बटणांच्या सरावातून येत नाही.

छेदनबिंदू:
उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. धन क्षसाठी दोन्ही बाजूंचे नैसर्गिक लॉग घेऊन ‘क्ष गुणिले लॉग २, वजा १० लॉग क्ष’ एवढेच फल काढा. आता क्ष-अक्ष ० ते ७० आणि य-अक्ष −२० ते १० ठेवला, तर दोन्ही धन उकली एकाच पडद्यावर येतात. ऋण उकल वेगळी पाहावी लागते, हे खरे. कोणते रूप भरायचे आणि खिडकी कुठे लावायची हे ठरवणे म्हणजेच यंत्राचा कार्यक्षम वापर; मी बटणांचा क्रम पाठ करण्याविषयी बोलत नाही.

पेपर दोन (पुणे):
मी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचे गणित शिकवते. अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस या विषयात पहिला पेपर कॅल्क्युलेटरविना असतो आणि दुसरा कॅल्क्युलेटरसह, त्यामुळे दोन्ही बाजू रोज पाहते. माझा अनुभव लॉगटेबल यांच्या बाजूने झुकतो. साइन क्ष = क्ष/२ हे समीकरण यंत्र अंशांच्या मोडमध्ये असताना सोडवले, तर उत्तर फक्त शून्य येते. रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात +१.८९५ आणि −१.८९५ याही उकली आहेत. यंत्र कोणतीही चूक दाखवत नाही, आणि विद्यार्थी ते एकच उत्तर निःशंकपणे लिहितो. रेडियनमध्ये आरंभबिंदूजवळ साइन क्षचा चढ १ असतो आणि क्ष/२ चा निम्मा, एवढे मनात असते तर त्याला तिथेच शंका आली असती.

लॉगटेबल:
शिवाय महाराष्ट्रात बारावी बोर्ड आणि जेईई देणाऱ्या मुलाला हे साधन परीक्षेत वापरताच येत नाही. आणि अमेरिकेतही २०२४ पासून सॅट ही महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा संगणकावर होते, तिच्यात डेस्मॉस हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर अंगभूतच आहे. मग महागडे यंत्र घेऊन त्याचे मेनू घोटण्यात मुलांनी वेळ का घालवावा?

छेदनबिंदू:
जेईईच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ घालवू नये, हे मान्य. डेस्मॉसचा मुद्दा मात्र उलट दिशेला जातो. तिथे छेदनबिंदूवर टिचकी मारली की किंमत मिळते, म्हणजे मेनूंची कटकट संपते, पण ५८.७७ ची उकल तिथेही आपोआप पडद्यावर येत नाही. एपीच्या दीर्घोत्तरी भागात कॅल्क्युलेटरच्या दोन प्रश्नांना ३० मिनिटे मिळतात आणि उत्तरात समीकरण गणिती चिन्हांत मांडावेच लागते, बटणांचा क्रम लिहून चालत नाही. मांडणी विद्यार्थ्याची आणि आकडेमोड यंत्राची, ही वाटणी परीक्षेनेच करून दिलेली आहे.

पेपर दोन:
वाटणी मान्य, क्रम नाही. माझ्या वर्गात आधी कागदावर कच्चा आलेख काढून उकली किती असाव्यात हे लिहायचे आणि मगच यंत्र उघडायचे, असा नियम आहे. आलेख अक्षाला केवळ स्पर्श करतो अशा दुहेरी मुळापाशी चिन्ह बदलत नाही, त्यामुळे चिन्हबदलावर विसंबणारी शोधपद्धत तिथे अडते. कागदावरच्या आलेखात तो स्पर्श आधीच दिसलेला असतो. यंत्रासाठी वेगळा तास द्यायला मी तयार आहे, पण तो कच्चा आलेख जमल्यानंतरचा.

छेदनबिंदू:
माझी मागणी तेवढ्या एका तासाचीच आहे. आमच्याकडच्या शाळेत तोही मिळत नाही.