चर्चा धागा: दिवाळीत कलाकारानं ऑर्डरी घ्याव्यात की हात आवरावा?

गावभागातली_रेघ
मी सांगलीत चित्रं काढते, पण पोट चालतं डिझाइनवर. पत्रिका, दुकानांच्या जाहिराती, मिठाईच्या खोक्यांवरची नक्षी. नवरात्र संपलं की फोन सुरू होतात: "ताई, जास्त काही नको, दोन पणत्या टाका आणि शुभ दीपावली लिहा." यंदा वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत एकही काम घेणार नाही. आळस म्हणा हवं तर. या धांदलीत पणती काढताना पणतीकडे बघायचंही राहून जातं, बोटं आपोआप गेल्या वर्षीचीच रेघ ओढतात. ज्याला काही नवं करायचंय त्यानं नेमकं गर्दीच्या दिवसांत मंद व्हावं, असं माझं मत. तुम्ही काय करता?

मारुती_चौक
पटलं नाही. आमचा फ्लेक्सचा धंदा. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत पूर आला. पावसाळ्यात इथं नुसती धास्ती असते, मशीन वर कधी उचलायची याची. ती सगळी कसर दसरा-दिवाळीत भरून काढायची असते. सुगीच्या दिवसांत शेतकरी म्हणतो का, की जरा मंद होतो?

गावभागातली_रेघ
दुकान बंद ठेवा असं मी कुठं म्हटलं? तुमच्याकडे मशीन छापते, दमली तरी तसंच छापते. माझं तसं नाही.

मारुती_चौक
मशीनला चित्र माणूसच देतो की. कॉम्प्युटरवर बसणारं पोरगं आर्टिस्टच आहे. त्याला वर्षातनं याच महिन्यात दोन पैसे जास्त मिळतात.

तिसरी_घंटा
फर्माईश म्हणजे कलेचा शत्रू, हा सूर सांगलीत तरी नको. कर्नाटकातली नाटकमंडळी इथं खेळ करून गेली, ते बघून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं, आणि 1843 साली 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. राजाची ऑर्डरच होती ती! आम्ही हौशी लोक राज्य नाट्य स्पर्धेची तालीम दिवाळीतच करतो, कारण नोकरीवाल्यांना सुट्टी तेव्हाच. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, तोही दिवाळीच्याच आगेमागे. आम्ही मंद झालो तर पडदा वर जायचाच नाही. (फराळ मात्र तालमीत भरपूर होतो, तो फायदा वेगळा.)

मिरजेची_तार
वरचे सगळेच वेग म्हणजे माणसाच्या मर्जीची गोष्ट धरून बोलताहेत. आमच्या सतारमेकर गल्लीत या. पंढरपूरकडनं भोपळा येतो तो आधी महिनोन्महिने वाळतो. तुनाचं लाकूडही मुरावं लागतं. घाई करून ओलं लाकूड लावलं तर पुढं वाद्य वाकतं, आणि गिऱ्हाईक परत दारात. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली तरी भोपळा काही लवकर वाळत नाही. आणि जवारी काढायला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून सूर खुलवायला, शांतता लागते. गल्लीत लवंगी माळा फुटत असताना घोडीवर कानस चालवून दाखवा कुणीतरी! त्या चार दिवसांत आम्ही तबकडीची नक्षी, पॉलिश असली कामं काढतो. बसून राहत नाही, पण कानाचं कामही करत नाही. हा मधला रस्ता ताईंना का नको?

हरिपूर_रोड
लेखकांचा मुद्दा वेगळाच आहे. 'मनोरंजन'नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी पावसाळ्यात येते. संपादकाचा फोन आखाडातच. भर पावसात "फटाक्यांचा वास दरवळत होता" असं लिहायचं आणि खरी दिवाळी आली की हात रिकामे. मला तरी त्या रिकामपणात काहीही सुचलेलं नाही. मंद झाल्यावर आतून काही उगवतं ही समजूत मला शंकास्पद वाटते. मुदत असली की लिहिलं जातं. नाहीतर चकली.

नाव_नको
चकलीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मी कविता लिहिते, विश्रामबागेत राहते, घरात सात माणसं. "सणात जरा मंद व्हा" हे वाचून हसूच आलं. ऑर्डरी बंद केल्या तर तो वेळ कुणाच्या पदरात पडणार? भाजणी, चिवडा, पाहुणे, नणंदेची ओवाळणी. डिझाइनचं काम निदान "माझं काम आहे" म्हणून दार लावून करता येतं. दार लावायचं ते एकच निमित्त तुम्ही स्वतःहून सोडताय. पुरुष कलाकार मंद होतो तेव्हा तो सोफ्यावर असतो, आमची बदली स्वयंपाकघरात होते. मी तर दिवाळीत मुद्दाम एखादं भाषांतराचं काम अंगावर घेते.

साताऱ्याचा_मास्तर
आम्ही शाळेत चित्रकला शिकवतो, सुट्टीत पोरांबरोबर मातीचा अजिंक्यतारा करतो. पैसे नाहीत, मुदत नाही, बुरूज ढासळला की परत. त्याला मंद म्हणायचं की काय ते तुम्हीच ठरवा.

गावभागातली_रेघ
नाव_नको, तुमचं बोलणं लागलं. आमच्याकडे सासूबाई यंदा फराळ विकत आणायला तयार झाल्यात, म्हणून मला हे सुचलं, हे लिहायला हवं होतं. तरी हरिपूर_रोड यांचं पटत नाही. काही सुचावं म्हणून मी थांबत नाहीये. तीच पणती पुन्हा विकायची नाही म्हणून थांबतेय. मिरजेचा रस्ता चांगला आहे, पण माझ्या कामात नक्षी आणि कान वेगळे काढता येत नाहीत.

मारुती_चौक
बरं, मग तुमची गिऱ्हाइकं यंदा आमच्याकडं पाठवा. पणती आम्ही गेल्या वर्षीचीच टाकतो, कुणी तक्रार करत नाही.

मिरजेची_तार
तक्रार करत नाहीत, कारण तो फलक पाडव्यानंतर कुणी बघत नाही. तंबोरा नातवापर्यंत वाजतो.

मारुती_चौक
आणि नातवाच्या लग्नाचा फ्लेक्स कोण छापणार?