मदत हवी आहे: ल्यों, फ्रान्स. जकार्डचा चालता माग कुठे बघता येईल? (आणि थोडे इतर प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत शिकते. सुट्टीत एकटीच ल्योंला आले आहे, शनिवारपर्यंत मुक्काम आहे. पॅरिस सोडून तिकडे कशाला, असं घरीसुद्धा विचारलं होतं. आम्ही सोलापूरचे. बाबा चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, आजोबाही मागावरच होते. चादरीवरची नक्षी ज्या जकार्डमुळे, म्हणजे मागावर बसवलेल्या यंत्रामुळे, उठते तो बनवणारा जोसेफ मारी जाकार याच गावात १७५२ साली जन्मला. फ्रान्समधलं एकच गाव बघायचं तर हेच, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं.

रविवारी पोचले. दुकानं बंद होती, म्हणून सामान हॉस्टेलवर टाकलं आणि फुर्व्हिएरच्या टेकडीवर गेले. जुन्या ल्योंमधून वर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी गाडी, जाते, तिला मेट्रोचंच तिकीट चालतं. चर्चच्या बाजूच्या कठड्यावरून सगळं शहर दिसतं. अलीकडे सोन नदी, पलीकडे रोन, आणि दोघींच्या मधल्या पट्टीवर बाजारपेठ आणि मोठे चौक. थोडं खाली उतरलं की रोमन थिएटर. रोमनांनी इ.स.पू. ४३ मध्ये वसवलेलं लुग्दुनुम ते हेच. तिथे तिकीट नाही. लोक दोन हजार वर्षांच्या पायऱ्यांवर बसून निवांत सँडविच खात होते, मीही बसले.

सोमवारी जुन्या ल्योंमध्ये त्राबूल शोधत हिंडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर काढलेली वाट. सगळ्यात लांब त्राबूल रु सँ-जाँवरच्या ५४ नंबरच्या दारातून शिरून रु द्यू बफवर २७ नंबरला निघतं. बाहेरून साधं जड लाकडी दार. बाजूचं बटण दाबलं की खट्ट आवाज होतो आणि दार ढकलता येतं. आत अंधारी बोळ, भिंतीला टपालपेट्या, मग अचानक वर आभाळ दिसणारा चौक, पुन्हा बोळ, पुन्हा चौक. वरच्या खिडकीतून कुणाच्या तरी कुकरसारखा वास येत होता आणि एकदम लक्षात आलं की ही माणसांची राहती घरं आहेत.

आज मंगळवारी क्र्वा-रूसला गेले, ती विणकरांची टेकडी. चौकात जाकारचा पुतळा आहे. इथल्या इमारतींच्या खिडक्या बघूनच कळतं की आत माग होते. जकार्ड बसवल्यावर माग इतका उंच व्हायचा की खोल्यांची उंची चार मीटरच्या आसपास ठेवावी लागली, आणि रेशमाचे रंग नीट दिसावेत म्हणून खिडक्या लांबच लांब. विणकर, म्हणजे कान्यू, सहकुटुंब त्याच खोलीत राहायचे. एका बाजूला माग, वर माळा काढून झोपायची सोय.

१८३१ चं बंडही याच टेकडीवरचं. विणकरांना नगावर मजुरी मिळायची. किमान दर ठरवून द्या एवढीच त्यांची मागणी होती. ऑक्टोबरात दर ठरला, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. नोव्हेंबरात टेकडीवरून विणकर खाली उतरले आणि काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होतं. ‘काम करून जगू, नाहीतर लढून मरू’ ही त्यांची घोषणा. पुढे सैन्य आलं आणि ठरलेला दर रद्द झाला. बाबांचा पगारसुद्धा विणलेल्या नगावर असतो. लहानपणापासून शनिवारी संध्याकाळी घरात हाच हिशोब ऐकलाय. त्या चढावर उभी राहून मी बराच वेळ हलले नाही.

आता प्रश्न.

मुख्य प्रश्न असा की मला जकार्ड चालताना बघायचा आहे, काचेमागे ठेवलेला नको. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकते, भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, त्याखालून आडवा धागा घेऊन धोटा जातो. कारखान्यात हे लाखदा पाहिलंय, पण आमचे माग विजेवर. हातापायाने चालणारा बाबांनीही पाहिलेला नाही. त्यांना व्हिडिओ पाठवायचा आहे. मेझाँ दे कान्यू हे नाव कळलंय. तिथे प्रत्यक्ष विणून दाखवतात का? माझं फ्रेंच बोंझूर-मेर्सीपुरतंच आहे. आणखी कुठे जावं?

दुसरं, त्राबूलमध्ये असं शिरलेलं लोकांना चालतं का? क्र्वा-रूसच्या उतारावरही आहेत म्हणे, पण एकटी असल्याने कुठलंही दार ढकलायला मन धजत नाही.

तिसरं, जेवण. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. इथल्या बुशाँ नावाच्या खानावळींबाहेरच्या पाट्यांवर सगळं मांसाहारीच दिसतं. दोन दिवस ब्रेड, चीज आणि केळी चाललंय. खिसा विद्यार्थ्याचा आहे, हे धरून सांगा.

आणि एक दिवस हातात उरतोय. जवळच्या एखाद्या गावी जाऊ की ल्योंमध्येच राहू?

प्रतिसाद:

अगं, धागा वाचून फार बरं वाटलं. मी इथे बरीच वर्षं आहे. पाहुणे आले की सगळ्यांना आधी पॅरिसच्या गाडीची वेळ हवी असते.

मेझाँ दे कान्यू रु द’इव्रीवर आहे, पुतळ्यापासून चालत. नुसतं आत जाऊन वस्तू बघू नकोस, मार्गदर्शकाबरोबरची फेरी घे. त्यात हातमागावर विणून दाखवतात, जकार्डचे पुठ्ठे कसे काम करतात तेही. इंग्रजीचं आधी फोन करून विचार. भाषा नाही कळली तरी तुझं काही अडणार नाही, माग तुला कळतोच. व्हिडिओचं फेरी सुरू व्हायच्या आधीच विचारून घे. आणि आमचं घर मागावर चालतं हे नक्की सांग.

तिथून थोडं पुढे रु रिशाँवर स्वारी व्हिव्हाँत नावाची संस्था आहे. विणकर कुटुंबांच्या जुन्या कार्यशाळा त्यांनी होत्या तिथेच जपल्या आहेत आणि तिथेही माग चालवून दाखवतात. दोन्ही एकाच दिवशी कर. ठरावीक दिवशीच उघडं असतं, वेळा बघून निघ.

जाताना ओतेल द व्हीलहून मेट्रोची सी लाइन पकड. चढ इतका उभा आहे की रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे. येताना मात्र पायी उतर. वाटेत प्लास कोल्बेरवर ९ नंबरला कूर दे व्होरास आहे, सहा मजली उघडा दगडी जिना. तिथे लोकांची ये-जा असते, एकटीने जायला हरकत नाही. त्राबूलचा नियम साधा: दिवसा जायचं, बटणाने उघडलं तर आत, नाही उघडलं तर पुढे. आवाज करायचा नाही, जिने चढायचे नाहीत. यांतली बरीच दारं रहिवाशांशी करार करूनच खुली ठेवली आहेत, तेव्हा अवघडून जाऊ नकोस.

प्रतिसाद:

ताई, जेवणाचं मी सांगतो. मीही शाकाहारी, इथे शिकून गेलो. बुशाँमध्ये दुपारी जा, दुपारचं ठरीव जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं. पण दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग थेट संध्याकाळी. ‘सेर्व्हेल द कान्यू’ मागव. ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात, थोडं व्हिनेगर घालतात, आपल्या चक्क्याच्या जवळ जातं. केनेल (उकडलेल्या लांबट गोळ्यांचा पदार्थ) घ्यायचं तर ‘नातूर’, म्हणजे साधं, विचार, ते मैदा, लोणी, अंड्याचं असतं. नेहमीच्यात मासा असतो. सॉसचंही विचार, नांत्वा सॉस झिंग्यासारख्या जिवाचा असतो. ‘काराफ दो’ म्हटलं की साधं पाणी फुकट देतात. बेकरीत गुलाबी प्रालिन (साखरेत घोळलेले बदाम) घातलेलं टार्ट खा, ते न खाता परत जाऊ नकोस.

उरलेल्या दिवशी कुठेही जाऊ नकोस. डी लाइनने माँप्लेझिर-ल्युमिएरला उतर. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ते १८९५ चं चित्रण जिथे झालं ती जागा तिथे आहे, आणि शेजारी त्यांच्या घरात संग्रहालय. त्यांचेच चित्रपट ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले. ते खेळ पाहूनच आपल्याकडचे सुरुवातीचे चित्रपटकार सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर, यांनी कॅमेरा मागवला होता. शहरातलं कला संग्रहालय मंगळवारी बंद, ल्युमिएरचं हे सोमवारी बंद, एवढं लक्षात ठेव.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. फोन केला, गुरुवारच्या फेरीत जागा मिळाली आहे. फेरी फ्रेंचमध्येच आहे, पण त्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं की माग चालवताना पुढे उभी राहा आणि व्हिडिओ घे. बाबांना कळवलं तर त्यांनी लगेच यादी पाठवली: पुठ्ठे किती, ताण्याचे धागे किती, दिवसाला कापड किती निघायचं, सगळं विचारून ये. यासाठी फ्रेंचमध्ये ताणा, बाणा (आडवा धागा) आणि धोट्याला काय म्हणतात ते कुणी बुधवारी रात्रीपर्यंत लिहाल का?