मदत हवी आहे: सैन्यात भरती झालेल्या नमुन्यांचा जुना विनोदी सिनेमा. नाव सांगा, रविवारच्या आत!

घाईतली
नमस्कार मंडळी. रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. लहानपणी पाहिलेला एक सिनेमा त्यांना परत बघायचाय. दोन वर्षं घोकतायत, पण नाव काही आठवत नाही. इंग्रजी आहे, विनोदी आहे. सैन्यात एकेक नमुने भरती होतात, त्यांच्यावर खेकसणारा सार्जंट असतो, एका जाड्याला बंदूक धड खांद्यावर घेता येत नाही आणि शेवटी हीच पलटण पहिली येते. एवढंच. गूगल करून झालंय, तो सल्ला नको. फक्त नाव हवंय.

कोपऱ्यातलं_टेबल
यात शोधण्यासारखं काय आहे? स्ट्राइप्स, १९८१. बिल मरी आणि हॅरल्ड रेमिस. जाड्या म्हणजे जॉन कँडी. नोकरी, गाडी, घर, मैत्रीण, सगळं एकाच दिवसात गमावलेला टॅक्सीवाला सैन्यात जातो. शेवटच्या परेडला ही मंडळी झोपून राहतात, उशिरा पोचतात आणि सार्जंट नसताना स्वतःचीच कवायत ठोकून देतात. हॉस्टेलवर व्हीसीआर भाड्याने आणून सतरा वेळा पाहिलाय. धागा बंद करा.

घाईतली
नाही हो. लहानपणी म्हटलंय ना मी? ८१ साली बाबा तीस वर्षांचे होते, मला कडेवर घेऊन फिरत होते.

कोपऱ्यातलं_टेबल
तुमचे बाबा किती वर्षांचे ते धाग्यात लिहिलंय, पण सिनेमा कधी पाहिला ते कुठे लिहिलंय? लहानपणी म्हणजे पाचव्या वर्षी की पंधराव्या?

माजी_वायुसैनिक
ताई, थोडी माहिती द्या. रंगीत होता की कृष्णधवल? ब्रिटिश की अमेरिकन? कुठे पाहिला? गणवेश कसा होता? यातलं काहीच न सांगता नाव मागणं म्हणजे डॉक्टरला फोनवर ‘दुखतंय’ एवढंच सांगून गोळी मागणं.

अवांतर: सार्जंट म्हणजे आपल्या भूदलातला हवालदार. आमच्या हवाई दलात मात्र सार्जंटच म्हणतात. वर्गात मुलांना हे सांगितलं की सगळी माझ्या दंडाकडे बघायची, सार्जंटच्या पट्ट्या शोधायला.

घाईतली
कृष्णधवल, अर्थातच. देवळाली कॅम्पात पाहिला. आजोबा तिथे लष्करी कचेरीत कारकून होते. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. ब्रिटिश की अमेरिकन ते त्यांना सांगता येत नाही, त्यांच्या लेखी सगळेच गोरे.

जुनी_रिळं
अर्थातच म्हणे! ही ‘अर्थातच’ पहिल्या पोस्टमध्ये असती तर स्ट्राइप्सचं पुराण टळलं असतं.

तुमचं उत्तर बक प्रायव्हेट्स, १९४१. ॲबट आणि कॉस्टेलो. रस्त्यावर टाय विकणारे दोघं पोलिसाला चुकवायला थिएटरात घुसतात. तिथे सिनेमा नसतो, सैन्यभरतीचं केंद्र थाटलेलं असतं. तिथेच सह्या करून बसतात. कॉस्टेलो म्हणजे तो जाड्या. त्याची बंदुकीची कवायत बघा: सगळे उजवीकडे वळले की हा डावीकडे, सगळ्यांच्या बंदुका खांद्यावर की याची शेजाऱ्याच्या टोपीत. मधेमधे अँड्र्यूज भगिनींची गाणी. अमेरिकेत नुकतीच सक्तीची भरती सुरू झाली होती, त्यामुळे लोकांनी डोक्यावर घेतला होता.

घाईतली
टायवाले दोघं? बाबांना विचारलं. नाही म्हणाले. ‘दोघं नव्हते गं, खोलीभर होते.’

चारुता_के
मूळ चॅप्लिनकडे चला. शोल्डर आर्म्स, १९१८. महायुद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना प्रदर्शित झाला. नवखा शिपाई, कवायतीत पाय चुकतो, खंदकात पाणी साचलेलं, सगळं त्यात आहे. नंतरच्यांनी चॅप्लिनचीच भाकरी परतली.

जुनी_रिळं
चारुताताई, तो मूकपट आहे. सार्जंट खेकसतो असं लिहिलंय.

चारुता_के
मूकपटात खेकसता येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?

बोरकूट
देवळाली म्हटलं की राहवत नाही, क्षमस्व. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डुलाली’, पूर्वी ‘डुलाली टॅप’ म्हणायचे, तो शब्द आपल्या देवळालीचा! मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्महिने बसून राहावं लागे. उकाडा, कंटाळा, दारू. त्यात ताप. डुलाली टॅपमधला टॅप हा आपलाच ताप.

आणि बीबीसीची एक विनोदी मालिका होती, इट एन्ट हाफ हॉट मम, १९७४ ते १९८१. सैनिकांच्या नाटकमंडळीवर. सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. तिचा एक लेखक जिमी पेरी खरोखर देवळालीत असल्या मंडळीत होता. तुमच्या बाबांनी तीच तर पाहिली नसेल?

घाईतली
सिनेमा म्हटलंय, मालिका नाही. आणि १९७४ ला बाबा लग्नाचे झाले होते.

बोरकूट
बरं बरं. पण मग इंग्रजी विनोदकार स्पाइक मिलिगनसुद्धा आपलाच. १९१८ साली अहमदनगरला जन्म, बालपण पुण्यात. ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात होता, त्या दिवसांवरची त्याची आठवणवजा पुस्तकं वाचताना पोट दुखतं.

सोऱ्या
अहिल्यानगर.

बोरकूट
१९१८ साली काय होतं?

सोऱ्या
आता काय आहे ते लिहा.

माजी_वायुसैनिक
इथे भांडू नका, त्यासाठी वेगळा धागा काढा. आमच्या वेळी तिथल्या विमानतळाला काय म्हणायचे हेही मी सांगणार नाही.

गणूमामा
मुलाला भरतीला पाठवायचं असेल तर आतापासून रोज सोळाशे मीटर पळायला लावा. बूट हलके घ्या. आमच्या गावात सकाळी पाचला तीस पोरं पळतात. रात्री भात बंद, भाकरी चालू. शिवाय छाती फुगवून दाखवता आली पाहिजे, त्यासाठी सूर्यनमस्कार.

घाईतली
काका, मला मुलगा नाही. मला सिनेमा हवाय.

गणूमामा
मुलींनाही भरती आहे आता.

घाईतली
बाबांशी आत्ता परत बोलले. एक आठवलं त्यांना, आधीच सांगायला हवं होतं. त्यात एक नवरदेव होता. लग्नाच्याच दिवशी त्याला सैन्यात जावं लागतं. मग बायकोही त्याच्या मागे तिथेच येते.

कोपऱ्यातलं_टेबल
आता आलं लक्षात! प्रायव्हेट बेंजामिन, १९८०. गोल्डी हॉन. लग्नाच्या रात्रीच नवरा मरतो म्हणून ती सैन्यात जाते.

घाईतली
नवरा मरत नाही!! आणि पुन्हा १९८०? तुम्ही वाचता का काही?

कोपऱ्यातलं_टेबल
कृहघ्या (कृपया हलकेच घ्या). १९८० चं दशकच मुळात चांगलं होतं.

माजी_वायुसैनिक
ताई, एकच प्रश्न. बायको तिथे येऊन काय करते? गणवेश घालते का?

घाईतली
नाही. बाबा म्हणतात कँटीनमध्ये चहा देते. आणि एक सारखा ‘मला हे होतंय, ते होतंय’ करत डॉक्टरकडे जाणारा शिपाई होता. डॉक्टर बाई होती, धिप्पाड. बाबांना तीच सगळ्यात जास्त आठवते.

माजी_वायुसैनिक
मग शंभर टक्के कॅरी ऑन सार्जंट. ब्रिटिश, १९५८, कृष्णधवल. नवरदेव म्हणजे बॉब मंकहाउस, नवरी शर्ली ईटन. तीच पुढे १९६४ च्या गोल्डफिंगर या जेम्स बाँडपटात अंगभर सोनेरी रंग फासलेली दिसते. डॉक्टरबाई हॅटी जॅक्स. आजारी आजारी करणारा केनेथ कॉनर. त्याच्याशिवाय चष्मेवाला काडीपैलवान चार्ल्स हॉट्री आणि नाक वर करून बोलणारा केनेथ विल्यम्स.

गोष्ट अशी की निवृत्तीला आलेला सार्जंट ग्रिमशॉ पन्नास पौंडांची पैज लावतो: माझी शेवटची तुकडी पहिली येणार. आणि हातात हा माल येतो. तिकडे तेव्हा दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा होती, त्यामुळे कोणालाही उचलून आणलेलं असायचं. बोलावणं १९६० च्या अखेरीस थांबलं. म्हणजे हा विनोद प्रेक्षकांच्या घरातलाच होता, प्रत्येकाचा भाऊ नाहीतर मुलगा जाऊन आलेला. मला त्यात आवडतं ते हे, की सार्जंट दुष्ट नाही. भुंकतो, पण मनातून घाबरलेला असतो. काम विल्यम हार्टनेलचं, जो १९६३ साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतला पहिला डॉक्टर झाला. आदल्या रात्री पोरांना कळतं की म्हातारा खचलाय, मग सकाळी जीव तोडून कवायत करतात.

चारुता_के
इथे जीव तोडून कवायत, तिथे चॅप्लिन एकटा खंदकातून जाऊन शत्रू पकडतो. बघा जमलं तर.

जुनी_रिळं
जाड्याचं काय पण? तुमच्या सार्जंटमध्ये बंदुकीशी झटणारा जाड्या कुठे आहे?

माजी_वायुसैनिक
त्या तुकडीत एक गलेलठ्ठ आहे की.

जुनी_रिळं
आहे. पण बंदुकीचा तो प्रसंग त्याचा नाही. आठवून बघा.

घाईतली
कोण बरोबर ते नंतर ठरवा. मिळाला, कसा ते विचारू नका. इंग्रजी अक्षरंही खाली येतात, कारण बाबांना उजव्या कानाने काही ऐकू येत नाही.

सोऱ्या
वाढदिवसाला केक की पुरणपोळी?

घाईतली (सोमवार)
उशिरा लिहितेय. पुरणपोळी.

बाबांना हार्टनेलचा फोटो आधी दाखवला तर म्हणाले, ‘हा नाही, तो जास्त ओरडायचा.’ सिनेमा सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला स्वतःच म्हणाले, ‘हाच.’ डॉक्टरबाई पडद्यावर यायच्या आधीच हसायला लागले, आईने पाणी आणून दिलं. मधे एकदा थांबवायला लावून सांगितलं की देवळालीच्या थिएटरात पुढच्या बाकांवर सैनिक बसायचे, ते कुठे हसले की मागे पोरं हसायची, कळो न कळो. आजोबा दाराशी उभे राहायचे, तिकीट काढायचे नाहीत.

शेवटी तुकडी पहिली आली, टाळ्या झाल्या, नावं वर गेली. बाबा तसेच बसून. म्हणाले, ‘अगं, पण तो जाड्या? सगळे इकडे आणि तो तिकडे? तो प्रसंग कापला का?’

जुनी_रिळं, तुमचा सिनेमा कुठे मिळेल?

जुनी_रिळं
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि तो टायवाला भाग त्यांना आठवला नाही याचं कारण ते बहुतेक उशिरा पोचले असतील, मध्यंतरानंतर. आजोबा दाराशी होते ना?

कोपऱ्यातलं_टेबल
दोन बघतच आहात तर तिसरा स्ट्राइप्स. जॉन कँडी चिखलात कुस्ती खेळतो त्यात.