मदत हवी आहे: अक्षरपुस्तिकेसाठी कागद कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. बायकांनी घडवलेल्या आजच्या फॉन्टची १६ पानी पुस्तिका करतेय, ए५, मधोमध पिन. मैथिली शिंगरे यांचा सहभाग असलेला जाडजूड अक्षरांचा ‘मोदक’ आहे, किमया गांधींचा ‘माकू’ आणि झुझाना लिच्कोंचा १९९६चा ‘मिसेस ईव्हज’.

मॅपलिथोवर (साधा, बिनलेपाचा छपाईचा कागद) नमुना काढला तर ‘मोदक’च्या पोटातल्या केसाएवढ्या फटी पार बुजल्या. ‘क्ष’ म्हणजे नुसता काळा गोळा! नाजूक ‘मिसेस ईव्हज’ मात्र त्याच कागदावर सुरेख दिसतो, ही पंचाईत. ग्लॉसी आर्ट पेपर मला पटत नाही, लग्नपत्रिका वाटते.

प्रती फक्त १००, म्हणून ऑफसेट परवडत नाही. सोलापुरात मॅट कागदावर स्वच्छ डिजिटल छापून देणारं कोणी आहे का, की पुणंच गाठू? फाइल आउटलाइन करूनच (म्हणजे अक्षरांचे आकार पक्के करून) देईन, मागे एकदा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता.